एफएमजीईला पाच महिने उरलेत, एकोणीस विषयांची आखणी कशी करावी?

वैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी,

किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून डॉक्टरकीची डिग्री घेऊन नुकतीच घरी आले आहे. घर भंडारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासूनही बरंच आत. पुढच्या सत्राला एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, द्यायची आहे. हातात साधारण पाच महिने आहेत आणि आखणी काही केल्या जमत नाहीये.

एक ऑनलाइन कोर्स घेतलाय, त्यात एकोणीसही विषयांचे व्हिडिओ आहेत. सगळ्या तासांची बेरीज करून पाहिली. रोज आठ तास नुसतं बघत बसले तरी परीक्षेच्या तोंडावर जेमतेम संपतील. मग वाचायचं कधी आणि प्रश्न सोडवायचे कधी? सध्या ॲनाटॉमीपासून सुरुवात केलीय, कारण कॉलेजातही पहिल्या वर्षाला तेच होतं. पण लोअर लिंबपर्यंत पोचेस्तोवर अप्पर लिंबच्या नर्व्हज पार पुसल्या जातात.

दुसरं म्हणजे पीएसएम, सामाजिक आरोग्याचा विषय. आम्हाला सार्वजनिक आरोग्य हा विषय होता, पण तो तिथल्या व्यवस्थेचा. इथलं उपकेंद्र, आशा, राष्ट्रीय कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक, यातलं काही म्हणजे काही शिकवलेलं नाही. फॉरेन्सिकचीही (न्यायवैद्यक) तीच गत, कायदे सगळे तिकडचे.

बाबा म्हणतात, पुण्याला क्लास लाव, जमिनीचं बघू काहीतरी. त्यांच्या तोंडून ‘जमिनीचं बघू’ ऐकलं की पुस्तकावरचं लक्षच उडतं. घरी राहून, याच कोर्सवर आणि हातातल्या नोट्सवर परीक्षा निघू शकते का? कोणता विषय आधी घ्यावा, कोणता नंतर? टेस्ट कधीपासून द्याव्यात? ज्यांनी काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मी सगळं वाचेन.

सातपुडा

वयाने लहान असशील म्हणून ‘तू’ म्हणते. मीही बाहेरून शिकून आलेली. रशियात एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली डिग्री, इथल्या एमबीबीएससारखी), मग इथे एफएमजीई, मग इंटर्नशिप, आणि आता नंदुरबारकडे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. दर सत्राआधी ओळखीतली मुलं आखणी विचारायला येतात, त्यांना मी आधी कागद-पेन घ्यायला लावते. तूही घे.

३०० प्रश्न. दीडशे-दीडशेचे दोन भाग, दोन्ही एकाच दिवशी, प्रत्येक भागाला अडीच तास. पास व्हायला १५०. निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि मुख्य म्हणजे ही पात्रता परीक्षा आहे, इथे रँक लागत नाही. १५१ वाल्याला आणि २५१ वाल्याला एकच नोंदणी मिळते. तुझा कोर्स, तुझ्या नोट्स आणि बहुतेक मित्रमंडळी पीजीच्या परीक्षेच्या अंगाने बोलणार, जिथे एकेका गुणाला हजारो जण मागेपुढे होतात. तो अभ्यास वेगळा. तुला तीनशेतले दीडशे पक्के करायचेत, तेही पुरेशी मोकळीक ठेवून.

आता गुणांची वाटणी लिही. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३०, पीएसएम ३०. झाले १२५. पेडियाट्रिक्स, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५, म्हणजे ४५. आले १७० वर. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्मॅकॉलॉजी प्रत्येकी १३, म्हणजे ३९. फॉरेन्सिक १०. मग पाच-पाच गुणांचे सहा छोटे विषय, सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, ऑर्थो, ॲनेस्थेशिया आणि रेडिओडायग्नोसिस, त्यांचे ३०. इथपर्यंत २४९. उरले ते ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, प्रत्येकी १७ धरून ५१.

म्हणजे तू जिथून सुरुवात केलीयस तो अख्खा विषय १७ गुणांचा आहे. आकाराने तो सगळ्यात अवाढव्य आणि विसरायला सगळ्यात सोपा. डोळे आणि ईएनटी मिळून ३०, दोन्हींची पुस्तकं बारीक, आणि दोन्हींत प्रश्न ठरावीक गोष्टींभोवती फिरतात. ॲनाटॉमी आजच बंद कर. टाकून देऊ नकोस, शेवटच्या टप्प्यासाठी ठेव. तेव्हा ब्रेकियल प्लेक्सस, क्रेनियल नर्व्हज, एम्ब्रियोलॉजीतले मोजके विषय आणि मागे विचारलेले प्रश्न एवढंच करायचं.

माझा क्रम असा. आधी पॅथॉलॉजी, फार्मा आणि मायक्रो, कारण मेडिसिन-सर्जरीतलं निम्मं यांच्यावर उभं आहे. ॲनिमियाची पॅथॉलॉजी पक्की असेल तर मेडिसिनमध्ये तो धडा अर्ध्या वेळात होतो. या तिन्हींना महिनाभर पुरे. मग मेडिसिन आणि लगेच पेडियाट्रिक्स, त्यापाठोपाठ सर्जरी, मग गायनॅक. मोठा विषय संपला की मध्ये डोळे किंवा ईएनटी घ्यायचं, म्हणजे चार-पाच दिवसांत एक अख्खा विषय हातावेगळा होतो आणि हुरूप टिकतो. पाच गुणांच्या सहा विषयांना प्रत्येकी एक-दोन दिवसांच्या वर देऊ नकोस. शेवटचे सहा आठवडे नवीन काहीही नाही. फक्त उजळणी, प्रश्न, टेस्ट आणि त्यातच ते ५१ गुण.

पीएसएमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेली मुलं इथेच सगळ्यात जास्त घाबरतात आणि मला विचारशील तर सगळ्यात भरवशाचे ३० गुण इथलेच आहेत. हा विषय सलग पंधरा दिवसांत करायच्या फंदात पडू नकोस. पहिल्या दिवसापासून परीक्षेपर्यंत रोज एक तास, ठरल्या वेळी.

लसीकरण पुस्तकातून घोकू नकोस. गावात कोणाच्याही घरी तान्हं मूल असेल तर त्याचं माता-बाल संरक्षण कार्ड मागून घे आणि समोर ठेव. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हेपॅटायटिस बी चोवीस तासांच्या आत. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, रोटा आणि तोंडी पोलिओ. सहा आणि चौदा आठवड्यांना इंजेक्शनचा पोलिओ आणि पीसीव्ही (न्यूमोकोकलची लस). नवव्या महिन्यात एमआर (गोवर-रुबेला), पीसीव्हीचा बूस्टर आणि इंजेक्शनच्या पोलिओचा तिसरा डोस. हा तिसरा डोस २०२३ पासून आलाय, जुन्या नोट्समध्ये नसेल, हाताने लिहून घे. बीसीजी डाव्या दंडावर कातडीत, एमआर उजव्या दंडावर कातडीखाली, पेंटा डाव्या मांडीत. मग तुझ्या उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस कोणता ते विचार आणि एएनएम (आरोग्यसेविका) ताईंची परवानगी घेऊन तासभर बाजूला बसून बघ. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लस उष्णतेने खराब झाली का ते दाखवणारी खूण, हातात घेऊन पाहा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, सारख्याच रंगाचा झाला किंवा त्याहून गडद झाला की बाद. बीसीजी आणि एमआर कालवल्यावर चार तासांत संपवायच्या, उरल्या तर फेकायच्या. एकदा डोळ्यांनी पाहिलेलं हे परीक्षेत आठवावं लागत नाही.

लोकसंख्येचे आकडे तर तुझ्या आजूबाजूलाच आहेत. सपाट भागात उपकेंद्र ५,००० लोकांना, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) ३०,००० ला, सीएचसी (सामुदायिक आरोग्य केंद्र) १,२०,००० ला. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच ३,०००, २०,००० आणि ८०,०००. हजार लोकवस्तीला एक आशा. आमच्याकडे दुसरा हिशेब लागू, तुमच्या बाजूला बहुधा पहिला.

पीएसएमचा दुसरा भाग म्हणजे बायोस्टॅट (वैद्यकीय संख्याशास्त्र) आणि स्क्रीनिंग. मुलं इथे सूत्रं पाठ करतात आणि ऐनवेळी कशाला कशाने भागायचं तेच विसरतात. सूत्र बाजूला ठेव, माणसं मोज. हजार लोक घे. शंभर आजारी, नऊशे निरोगी. टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, म्हणजे शंभर आजाऱ्यांतले ९० पकडले, १० सुटले. स्पेसिफिसिटी ८० टक्के, म्हणजे नऊशे निरोग्यांतले ७२० बरोबर निगेटिव्ह आणि १८० उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह २७०, त्यातले खरे आजारी ९०, म्हणून पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पीपीव्ही) ३३ टक्के. आता टेस्ट तीच ठेव, आजारी मात्र पाचशे कर. खरे पॉझिटिव्ह ४५०, खोटे १००. पाचशे पन्नासांत साडेचारशे, म्हणजे ८२ टक्के. टेस्ट बदलली नाही, आजाराचं प्रमाण वाढलं म्हणून पीपीव्ही वाढली. हा तक्ता कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा मांड, म्हणजे या धड्यावरचा कुठलाही प्रश्न फिरवून विचारला तरी अडणार नाहीस.

व्हिडिओंचं म्हणशील तर सगळे बघायचे नाहीत. आधी त्या धड्यावरचे वीस-पंचवीस प्रश्न सोडव. दोन तृतीयांश बरोबर आले तर व्हिडिओ सोडून दे, नोट्सवरून नजर टाक आणि पुढे चल. अडलीस तरच व्हिडिओ बघ.

क्लासचं इतर लोक सांगतील. मला एवढंच कळतं की जमीन विकून किंवा गहाण टाकून काढायची ही परीक्षा नाही. बाबांना माझ्यातर्फे सांग.

रात्रपाळी

नमस्कार. मी सध्या इंटर्नशिप करतोय, गेल्याच वर्षी परीक्षा निघाली. जॉर्जियातून शिकलो.

ताईंनी गुणांचा हिशेब अगदी बरोबर मांडलाय. फक्त एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. ॲनाटॉमी शेवटी ठेवा, पण फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री शेवटावर टाकू नका. ते दोन्ही मेडिसिनबरोबरच करा. एक उदाहरण देतो. डायबिटीसचा तरुण पेशंट, उलट्या होतायत, श्वास खोल आणि जोरात. पीएच ७.२९, बायकार्बोनेट १२, कार्बन डायऑक्साइडचा दाब २६. हा प्रश्न मेडिसिनचा म्हणून येतो. पण कीटोन बॉडीज कुठून आल्या हे बायोकेमिस्ट्री, आणि फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून भरपाई करतायत हे फिजिओलॉजी. बायकार्बोनेटची दीडपट अधिक आठ, म्हणजे २६. अपेक्षित दाब आणि प्रत्यक्षातला दाब जुळला, म्हणजे मेटाबॉलिक ॲसिडोसिस आहे, भरपाई पुरेशी आहे आणि श्वसनाचा दुसरा कुठला बिघाड सोबत नाही. हे एका बैठकीत केलं तर तिन्ही विषयांचे प्रश्न सुटतात. दोन महिन्यांच्या अंतराने वेगवेगळं केलं तर तीनदा नव्याने शिकावं लागतं. ईसीजीचं, थायरॉइडचं, किडनीचंही असंच.

क्लास. मी लावला होता, म्हणून सांगतो. शिकवणं चांगलं होतं, तरी माझ्या कामी आलं ते वेळापत्रक आणि सोबत. सकाळी जाऊन बसलं की दिवस वाया जात नसे. हे दोन्ही पुण्याला न जाताही मिळवता येतं. तालुक्याच्या गावी अभ्यासिका असेलच, तिथे एमपीएससीची मुलं दिवस-दिवस बसलेली असतात. तिथे जागा घ्या. घरी आलं-गेलं फार, ‘डॉक्टरीणबाई, जरा हे औषध बघा’ म्हणत शेजारीपाजारी येणारच. आणि एक अभ्यासाचा जोडीदार धरा, फोनवरचा चालेल. माझा जोडीदार दुसऱ्या जिल्ह्यातला होता. रात्री अर्धा तास तो मला प्रश्न विचारायचा, अर्धा तास मी त्याला. प्रत्यक्ष भेट निकालानंतर झाली.

टेस्टबद्दल. पहिली पूर्ण टेस्ट आत्ताच द्या, याच रविवारी, काहीही वाचलेलं नसताना. आकडा बघून घाबरू नका, तो फक्त तुमचा पाया आहे. त्यानंतर महिन्याला एक आणि शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्याला एक. पूर्ण म्हणजे पूर्ण. सकाळी दीडशे, दुपारी दीडशे, एकाच दिवशी. पहिल्या भागात डोकं चालतं, कस लागतो तो दुपारच्या भागात जेवणानंतर, शंभराव्या प्रश्नाच्या पुढे. तिथे लांब केस वाचताना डोळे ओळीवरून घसरतात. त्याची सवय घरी तुकड्यातुकड्यांनी सोडवून होत नाही.

हिशेब प्रश्नाला एक मिनिट असा पडतो. आता भागांचेही वेळ बांधलेले विभाग केलेत. एका विभागाची वेळ संपली की त्यात परत जाता येत नाही आणि वेळेआधी पुढच्या विभागातही शिरता येत नाही. म्हणून ‘शेवटी बघू’ म्हणून खुणा करून ठेवायची सवय मोडा. जे काही ठरवायचं ते त्याच विभागात ठरवा. आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका, कारण निगेटिव्ह नाही.

चित्रांचे प्रश्न बरेच असतात. एक्सरे, सीटी, फंडस, त्वचेचे फोटो, सर्जरीची आणि गायनॅकची इन्स्ट्रुमेंट्स. आपण बाहेरच्यांनी वॉर्डात भाषेच्या अडचणीमुळे हात कमी घातलेला असतो, त्यामुळे सिम्स आणि कस्को स्पेक्युलमसुद्धा नुसत्या नावाने माहीत असतात. रोज झोपण्याआधी वीस चित्रं बघा. वाचायचं काही नाही, नुसतं चित्र बघून नाव घ्यायचं.

तालुका_कोर्ट_रोड

माझी धाकटी बहीण याच परीक्षेला बसली होती, तिची कागदपत्रं मी केली, म्हणून अभ्यासाबाहेरचं थोडं. डिग्रीवर त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं अटेस्टेशन किंवा अपोस्टिल (दुसऱ्या देशात कागद मान्य व्हावा म्हणूनचा प्रमाणीकरणाचा शिक्का) लागतं. ते आणलंय का ते आजच बघा. राहिलं असेल तर मागे असलेल्या मैत्रिणीकडून आत्ताच हालचाल सुरू करा, याला आठवडे जातात. पासपोर्टवरचं, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं आणि डिग्रीवरचं नाव अक्षर-अक्षर जुळवून पाहा. वडिलांचं नाव मध्ये कुठे आलंय, कुठे नाही, यावरून फॉर्म अडकतो. सत्र जून-डिसेंबर म्हणतात, पण प्रत्यक्ष पेपर जुलै किंवा जानेवारीतही झालेत, तेव्हा तारीख राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावरच बघायची. कोणी पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. अभ्यासाच्या वेळात हे काम शिरू देऊ नका, घरातल्या कोणाला तरी एक फाईल करून सोपवा.

वैनगंगाकाठची

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. ताई, बाबांना तुमचं वाक्य वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून तालुक्याच्या अभ्यासिकेत चौकशी करून आले. एसटीची वेळही जुळते. पुण्याचा विषय संपला.

अपोस्टिल झालेलं आहे, दादा. नाव मात्र एका ठिकाणी वेगळं निघालं, ते काम भावाकडे दिलंय.

आणखी दोन-तीन शंका. फॉरेन्सिकला माझ्याकडे ज्या नोट्स आहेत त्यात आयपीसीची (जुन्या दंड संहितेची) कलमं आहेत, कोर्समध्ये बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) आहे. दोन्ही करायची का? चुकलेल्या प्रश्नांची वही कशी ठेवायची? मी उत्तराखालचं स्पष्टीकरण पूर्ण उतरवून घेते, पण वही फुगत चाललीय आणि परत उघडून बघणं होत नाही. आणि सगळे विचारतात की एफएमजीईच्या जागी येणार म्हणतात ती नेक्स्ट परीक्षा आली तर काय?

सातपुडा

बाबांना नमस्कार सांग.

नेक्स्टचं आधी संपवते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात ती आहे, तेव्हापासून दर वर्षी येणार येणार चाललंय. तू ज्या सत्राला बसणार त्याचं माहितीपत्रक एफएमजीईचं असेल तर तुझी परीक्षा एफएमजीई. या विषयावरची चर्चा अभ्यासिकेत सुरू झाली की पाणी प्यायला उठून जा.

फॉरेन्सिक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस, जुन्या सीआरपीसीच्या जागी) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. अभ्यास नव्याचाच कर, पण जुनं कलम शेजारी लिहून ठेव, कारण जुन्या प्रश्नसंचात तेच भेटणार. सगळी संहिता वाचायची नाही. आपल्या कामाची मोजकी कलमं आहेत. ग्रीव्हस हर्ट (गंभीर दुखापत) ३२० होतं, आता ११६. निष्काळजीपणाने मृत्यू ३०४ अ होतं, आता १०६. बलात्काराची व्याख्या ३७५ होती, आता ६३. पोलिसांचा इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची चौकशी) सीआरपीसी १७४ होता, आता बीएनएसएस १९४. मृत्युपूर्व जबाब साक्ष्य कायद्याच्या ३२ मध्ये होता, आता २६ मध्ये. एक आडवा कागद, दोन रकाने, अभ्यासिकेतल्या टेबलासमोर चिकटव. बाकी दहा गुणांतले उरलेले प्रश्न विषं, जखमांचे प्रकार, मृत्यूनंतरचे बदल आणि वय ठरवणं यांवरच येतात.

वहीबद्दल तू विचारलंस ते फार बरं केलंस, या पाच महिन्यांत हाती राहणारी गोष्ट तीच आहे. स्पष्टीकरण उतरवू नकोस, ते ॲपमध्ये आहेच. वहीत एकच ओळ लिहायची, आपण नेमके कुठे फसलो ती. समज प्रश्न असा आहे: पन्नाशीची बाई, एक डोळा लाल, भयंकर दुखतोय, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं, बाहुली अर्धवट पसरलेली आणि उजेडाला हलत नाही. तू लाल आणि दुखरा एवढंच पाहून आयरायटिसवर खूण केलीस. वहीत आयरायटिसची कारणं आणि उपचार लिहीत बसायचं नाही. लिहायचं: ‘दुखरा लाल डोळा, आधी बाहुली बघ. आखडलेली तर आयरायटिस, अर्धवट पसरलेली आणि थिजलेली तर अँगल क्लोजर ग्लॉकोमा.’ झालं. अशा ओळीला अर्धं मिनिट लागतं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अख्खी वही दोन तासांत वाचून होते.

ओळ लिहिताना बाजूला एक अक्षर टाक. माहीतच नव्हतं तर ‘न’, माहीत होतं पण आठवलं नाही तर ‘वि’, घाईत प्रश्न चुकीचा वाचला तर ‘घा’. महिन्याने मोज. ‘न’ जास्त असतील तर वाचन कमी पडतंय. ‘वि’ जास्त असतील तर नवीन धडे थांबवून उजळणी वाढव. ‘घा’ जास्त असतील तर अभ्यास आणखी वाढवून काही होणार नाही, प्रश्न वाचायची पद्धत बदलायला हवी. आधी शेवटचं वाक्य वाच, काय विचारलंय ते कळू दे, मग केस वाच. ‘यापैकी कोणते नाही’ असं विचारलेलं असेल तर कच्च्या कागदावर ‘नाही’ एवढं लिहून ठेव.

रात्रपाळीने फिजिओलॉजीबद्दल सांगितलं ते मला पटलं. त्याचं ऐक, माझ्या क्रमात ती दुरुस्ती करून घे.

दिवसाची आखणी विचारली नाहीस तरी सांगते. सकाळी ताज्या डोक्याने चालू विषय, चार तास. दुपारी जेवणानंतर वाचन करू नकोस, प्रश्न सोडव, झोप येत नाही आणि परीक्षेचा दुसरा भागही त्याच वेळेला असतो. परतीच्या एसटीत पाठीमागचा विषय नुसता आठवत ये, पुस्तक न उघडता. घरी आल्यावर पीएसएमचा तास, मग जोडीदाराबरोबर फोन, मग वीस चित्रं. झोप सात तास, तिला हात लावायचा नाही. रविवारी अर्धा दिवस आठवड्याचं सगळं उलटून बघ आणि अर्धा दिवस काहीही करू नकोस. शेतावर जा, आईला मदत कर.

वैनगंगाकाठची

लिहून घेतलं सगळं, कागद भिंतीवर लावलाय. ॲनाटॉमीच्या नोट्स कपाटात ठेवल्या. आजपासून पॅथॉलॉजी, आणि मेडिसिन सुरू झालं की फिजिओलॉजी सोबत घेईन. वहिनीच्या बाळाचं लसीकरणाचं कार्डही मागून आणलंय. या रविवारी मात्र सुट्टी नाही, पहिली पूर्ण टेस्ट देते. विषयवार किती आले ते इथे टाकते, त्यावरून पुढच्या महिन्याचं कमी-जास्त सांगाल का?

सातपुडा

जरूर टाक. गुणांबरोबर आणखी दोन आकडे लिही. किती प्रश्नांना निव्वळ अंदाजाने उत्तर दिलंस, आणि किती ठिकाणी आधी केलेली खूण बदललीस. बदललेल्यांत बरोबरचं चुकीचं किती झालं आणि चुकीचं बरोबर किती, तेही वेगळं मांड. त्यासाठी टेस्ट देताना शेजारी कागद ठेवून प्रश्नाचा क्रमांक टिपत जा, नंतर आठवत नाही.